शब्दांपूर्वींचें बोलणें

मूल बोलूं लागलें म्हणजे घरांत केवढा आनंद होतो! पहिला शब्द ‘आई’ होता कीं ‘बाबा’ होता यावर चार दिवस लटका वाद चालतो, आणि आजी तर तो शब्द आपल्यालाच उद्देशून होता असें शेजारणीला सांगून मोकळी होते. परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, हा पहिला शब्द म्हणजे संवादाचा आरंभ नव्हे; कित्येक महिने चाललेल्या संवादाला आलेलें तें फळ होय. वर्षाच्या आंतबाहेरचें मूल कडेवर बसून अंगणांत येतें, कौलावरच्या कावळ्याकडे बोट करतें, आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहतें. त्याला कावळा हवा असतो असें नाहीं. ‘मला दिसला, तुला दिसला ना?’ एवढेंच त्याला विचारावयाचें असतें. आई म्हणते, ‘हो रे, काऊ!’ आणि मूल हसतें. दोन माणसें, एक वस्तु, आणि त्या वस्तूवर जडलेलें दोघांचें एकच लक्ष, अशी सारी सामग्री त्या क्षणांत जमलेली असते. उद्यां ‘काऊ’ हा शब्द उगवतो तो याच सामग्रींतून.

आजचें माझें भाषण ज्या मुलांच्या आयुष्यांत नेमका हाच क्षण येत नाहीं, किंवा फार उशिरां आणि फार क्वचित् येतो, त्या मुलांविषयीं आहे. आणि त्यांतही तीन-चार वर्षांचें वय झालें तरी ज्यांना शब्द फुटलेला नाहीं अशा मुलांविषयीं आहे.

बोट दाखविण्याचे दोन प्रकार आहेत. एलिझाबेथ बेट्स या विदुषीनें आणि तिच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं ते वेगळे करून दाखविले. एक मागण्याचें बोट: ‘तो लाडू मला दे.’ दुसरें दाखविण्याचें बोट: ‘तो चंद्र पाहा.’ पहिल्यांत दुसरें माणूस हें केवळ साधन असतें; दुसऱ्यांत तें सोबती असतें. ज्या मुलांविषयीं आपण बोलत आहों, त्यांच्या ठिकाणीं पहिला प्रकार कसाबसा आढळतो. पण दुसरा, म्हणजे केवळ आनंद वांटून घेण्याकरितां केलेली खूण, फारच थोडी आढळते. पुष्कळदां तर बोटही नसतें. मूल आईचें मनगट धरतें आणि तिचा हात डब्यावर नेऊन ठेवतें. जणूं काय तो हात म्हणजे डबा उघडावयाची किल्लीच! तिच्या तोंडाकडे तें पाहत नाहीं.

या स्थितीला इंग्रजींत ऑटिझम म्हणतात, आणि मराठींत तिला स्वमग्नता हें नांव रूढ झालें आहे. लिओ कॅनर या बालमनोवैद्यानें १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथून ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेथून या विषयाचा व्यवस्थित अभ्यास सुरू झाला. त्या ११ मुलांपैकीं तिघांना बोलतां येत नव्हतें. म्हणजे अबोल स्वमग्न मूल हें या शास्त्राच्या पहिल्या पानापासूनच आपल्यासमोर आहे. पुढें मध्यंतरीं कांहीं पंडितांनीं असें मत मांडलें कीं, आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें. हें मत साफ खोटें ठरलें. पण तें खोटें ठरेपर्यंत असंख्य मातांना त्यानें निष्कारण अपराधी करून सोडलें. मेंदूची घडण जन्मापूर्वींपासूनच निराळ्या रीतीनें होत जाते, आणि तिच्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हें आतां निश्चित झालें आहे. गोवराच्या लशीशीं या गोष्टीचा कांहीं एक संबंध नाहीं. तसा संबंध सुचविणारा जो लेख इंग्लंडांत १९९८ सालीं निघाला होता, तो त्याच नियतकालिकानें २०१० सालीं मागें घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक व्यक्ति स्वमग्न होती. म्हणजे ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हे. मोठ्या शाळेंत, मोठ्या गांवांत, मोठ्या गोतावळ्यांत ती असावयाचीच.

‘स्वमग्न’ या शब्दानें मात्र एक गैरसमज होतो. मूल आपल्यांतच बुडालें आहे, त्याला आपली गरजच नाहीं, असें त्यावरून वाटतें. तसें नसतें. न बोलणारें मूलही सांगत असतें. त्याची सांगण्याची रीत आपल्याला ओळखूं येत नाहीं इतकेंच. तें दाराशीं जाऊन उभें राहतें, तेव्हां बाहेर जावयाचें आहे असें तें सांगत असतें. कान झांकून घेतें, तेव्हां हा आवाज सोसवत नाहीं असें तें सांगत असतें. आवडतें गाणें थांबलें कीं क्षणभर वर पाहतें, तेव्हां ‘पुढें म्हण’ असें तें सांगत असतें. या खुणा बारीक असतात, विरळ असतात, आणि आपण ज्या घाईनें जगतों तिच्यांत त्या सहज निसटून जातात. मुलानें दिलेली खूण कोणींच घेतली नाहीं, कीं हळूहळू तें खूण देणेंच सोडतें. आणि मग रडणें, फेकणें, डोकें आपटणें एवढींच साधनें त्याच्यापाशीं उरतात. त्याला आपण हट्ट म्हणतों. पुष्कळदां तो हट्ट नसून न ऐकिलेलें बोलणें असतें.

आतां हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत नेऊन पाहूं. पूर्वींच्या चांदा जिल्ह्याचाच हा सारा मुलूख. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली वेगळा झाला. निम्म्याहून अधिक भूमि रानाखालीं, आणि गांवें लहान लहान, विखुरलेलीं. सिरोंच्याहून जिल्ह्याचें ठिकाण दोनशे किलोमीटरांच्या आसपास. भामरागडापाशीं पर्लकोटेला पूर आला कीं पलीकडच्या गांवांचा संबंध तुटल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यांत वाचत आलों आहों. अशा ठिकाणीं, तीन वर्षांचें एक मूल बोलत नाहीं एवढ्यासाठीं मजुरी बुडवून नागपूरपर्यंत कोण जाणार? आणि गेलें तरी, आठवड्यास एकदां याप्रमाणें वर्षभर कोण जात राहणार? घरांतली म्हातारी माणसें धीर देतात, ‘याचा बापही उशिरांच बोलूं लागला होता.’ कोणी मुका म्हणतें, कोणी देवाचें म्हणतें. वर्षें जातात.

तेथें आणखी एक गोष्ट आहे, ती शहरांत राहणाऱ्यांच्या लक्षांत चटकन् येत नाहीं. हांक मारल्यावर वळून न पाहणारें, घरांतून निघालें कीं सरळ चालत सुटणारें मूल म्हणजे शहरांतल्या बंद सदनिकेंत काळजीचा विषय असतो. पण ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे, जेथें गांवाच्या शिवेला लागून वाघाचा वावर आहे, किंवा इंद्रावतीच्या कांठीं, जेथें अंगण संपतें तेथें रान सुरू होतें, तेथें तो जिवाचा प्रश्न होतो. नांवानें हांक मारली असतां मूल थांबावें, ‘ये’ म्हटलें असतां त्यानें यावें, आणि कांहीं दुखलें-खुपलें तर तें त्यास दाखवितां यावें, ही तेथें शोभेची विद्या नव्हे.

भाषेचाही प्रश्न आहे. या दोन जिल्ह्यांत झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे. सिरोंच्याकडे तेलुगु, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याच्या भागांत बंगाली आहे. अंगणवाडींत मराठी. मूल बोलत नाहीं असें दिसलें कीं शिकलेलीं माणसें सल्ला देतात, ‘दोन भाषांचा गोंधळ होतो आहे, घरची बोली सोडा.’ हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्यानें स्वमग्न मुलाच्या भाषेची हानि होत नाहीं, असें निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आलें आहे. उलट, ज्या भाषेंत आईला अंगाई येते, रागावतां येतें, लाड करतां येतात, ती तिच्याकडून काढून घेतली तर मुलाशीं बोलावयास तिच्यापाशीं उरलेंच काय? शब्दांपूर्वींचा संवाद तर सूर, स्पर्श आणि चेहरा यांच्यावरच चालतो. तो आईनें आपल्याच बोलींत करावयाचा असतो.

मग उपाय काय? येथें मला गोमंतकांतील एक प्रयोग सांगावासा वाटतो. इंग्लंडांत २०१० सालीं १५२ लहान स्वमग्न मुलांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला होता. त्यांत तज्ज्ञ मुलाला शिकवीत नसत. मुलाशीं कसें वागावें, त्याच्या खुणा कशा वाचाव्या, हें ते आईबापांना शिकवीत. हीच पद्धति आपल्याकडे आणावयाची तर अडचण उघड होती, ती म्हणजे इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून! म्हणून गोव्याच्या संगाथ या संस्थेनें, आणि तिच्याबरोबर पाकिस्तानांत रावळपिंडी येथील मंडळींनीं, एक धाडस केलें. मानसशास्त्राचें विशेष शिक्षण नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना ही पद्धति शिकवून त्यांच्याच हातीं काम दिलें. दोन ते नऊ वर्षांचीं ६५ मुलें घेतलीं. त्यांपैकीं ३२ मुलांसाठीं नेहमींच्या उपचारांबरोबर ही पद्धति चालविली आणि ३३ मुलांना केवळ नेहमींचे उपचार मिळाले. दर पंधरवड्यास एक तास, अशा बारा भेटी. निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले.

या भेटींत होतें तरी काय, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण सारें मर्म तेथें आहे. आई आणि मूल खेळत असतांना कार्यकर्ता कांहीं मिनिटांचें चित्रीकरण करतो, आणि मग तो व आई शेजारीं बसून तें पाहतात. तो दोष काढीत नाहीं. तो एके ठिकाणीं चित्र थांबवितो आणि विचारतो, ‘येथें त्यानें तुमच्याकडे पाहिलें, दिसलें का? त्याच्या आधीं तुम्ही काय केलें होतें?’ आई पाहते, आणि तिचें तिलाच उमगतें: त्या वेळीं मी गप्प होतें. किंवा, त्या वेळीं मी त्याच्यासारखेंच झांकण फिरवीत होतें. आजवर जें निसटून जात होतें तें तिच्या हातीं लागतें. मग पुढच्या पंधरवड्यांत रोज थोडा वेळ तेंच करून पाहावयाचें.

हें करणें म्हणजे काय, तें गडचिरोलीकडच्या एखाद्या घरांत कल्पून पाहूं. चैत्राचे दिवस आहेत, मोहफुलें अंगणांत वाळत घातलीं आहेत. चार वर्षांचें मूल मुठींत फुलें घेतें आणि टोपलींत सोडतें, पुन्हां घेतें, पुन्हां सोडतें. आपली रीत अशी कीं आपण म्हणावें, ‘असें नको, इकडे बघ, हें काय आहे सांग? बोल, फूल! बोल!’ मूल पाठ फिरवितें. आतां आई निराळें करते. ती त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खालीं बसते. प्रश्न एकही विचारीत नाहीं. तेंही फुलें सोडतें, तीही सोडते. दोघांचें लक्ष एका टोपलीवर आलें. मुलानें फुलें सोडलीं कीं ती एकच शब्द म्हणते, ‘पडलीं!’ पुन्हां सोडलीं, ‘पडलीं!’ दहा वेळां झाल्यावर ती आपली मूठ टोपलीवर धरते आणि थांबते. मनांत दहा आंकडे मोजते. मूल तिच्या मुठीकडे पाहतें. मग, कदाचित्, तिच्या तोंडाकडे पाहतें. तें पाहणें म्हणजेच बोलणें! आई लगेच मूठ उघडते, ‘पडलीं!’ आणि दोघेंही हसतात. आज पाहणें आलें. कांहीं आठवड्यांनीं तें तिची मूठ आपल्या बोटांनीं उघडूं लागेल. पुढें केव्हां तरी ‘प’ असा ओठांचा आवाज येईल, किंवा येणारही नाहीं. पण माझ्या कृतीनें दुसऱ्या माणसाच्या ठिकाणीं कांहीं घडून येतें, आणि तें माणूस माझ्याबरोबर आहे, हा धडा त्यास मिळालेला असेल.

यासाठीं महागडीं खेळणीं लागत नाहींत. पेजेची वाटी लागते: दोन घोंट देऊन तिसऱ्याच्या आधीं थांबावयाचें. झोका लागतो: तो थांबवून ‘आणखी?’ म्हणून हात पुढें करावयाचा. अंगावर पाणी घालतांना ‘एक, दोन...’ म्हणून ‘तीन’ च्या आधीं थांबावयाचें. रोज त्याच क्रमानें होणाऱ्या गोष्टींत मुलाला पुढचें काय तें ठाऊक असतें. म्हणूनच तो क्रम मध्येंच थांबला कीं त्यास कांहीं तरी सांगावेंसें वाटतें. मूल बोलूं लागण्याची आपण वर्षानुवर्षें वाट पाहतों, ती वाट पाहणें निष्फळ. पण त्याची पाळी आली असतां दहा आंकडे मोजेपर्यंत वाट पाहणें, हें फार फलदायी.

गोव्याच्या आणि रावळपिंडीच्या त्या प्रयोगांत काय दिसलें? आईबापांचें मुलाच्या कलानें वागणें पुष्कळ वाढलें. आणि मुलें आपण होऊन आईबापांशीं संवाद आरंभूं लागलीं, हेंही स्पष्टपणें वाढलें. मात्र दोघांचें लक्ष एका गोष्टीवर टिकण्याचा काळ वाढला नाहीं. तो उलट कमी भरला. हें मी मुद्दाम सांगतो. कारण या विषयांत जादूची कांडी विकणारे फार आहेत, आणि जेथें सर्वच गोष्टी सुधारल्या असें सांगण्यांत येतें तेथें सुज्ञानें सावध व्हावें. इंग्लंडांतील मुलांची सुमारें सहा वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली, तेव्हां ज्यांच्या आईबापांना ही पद्धति शिकविली होती त्यांच्यांत स्वमग्नतेचीं लक्षणें तुलनेनें सौम्य आढळलीं. लक्षणें नाहींशीं झालीं नव्हतीं. परंतु लहानपणीं आईबापांनीं शिकलेल्या गोष्टीचा परिणाम इतकीं वर्षें टिकला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आतां कोणी म्हणेल कीं, गोवा म्हणजे गोवा. रानांतल्या टोल्यावर हें कसें साधावें? या शंकेला उत्तर खुद्द गडचिरोलीनेंच एकदां दिलेलें आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या जिल्ह्यांतील ३९ गांवांत गांवच्याच बायकांना शिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरीं शुश्रूषा करविली. त्यापूर्वीं तेथें जन्मलेल्या हजार मुलांपैकीं ६२ पहिल्या महिन्यांतच दगावत असत. कांहीं वर्षांतच तें प्रमाण हजारीं २५ च्या आसपास आलें. १९९९ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हां वैद्यकांतील जाणत्यांनाही आश्चर्य वाटलें. आणि २०११ सालीं ही पद्धति ‘आशा’ स्वयंसेविकांच्या द्वारें साऱ्या देशांत नेण्यांत आली. ज्या हातांनीं न्यूमोनिया ओळखला आणि इंजेक्शन दिलें, त्या हातांना मुलाची नजर ओळखतां येणार नाहीं, असें मानावयास मला तरी कारण दिसत नाहीं.

शिवाय, पायरी तयारच आहे. २०१८ पासून ‘आशा’ नें मुलाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत घरीं जावें अशी योजना आहे. बारावा आणि पंधरावा! म्हणजे नेमका तोच काळ, ज्या काळांत मुलानें बोट दाखवावयाचें असतें. वजन, आहार, लस यांच्या बरोबरीनें तिनें आईला तीन प्रश्न विचारावे: नांवानें हांक मारली तर वळतो का? तुम्ही एखादी वस्तु दाखविली तर तिकडे पाहतो का? स्वतःला आवडलेली वस्तु तुम्हांला दाखवावयास आणतो का, तिच्याकडे बोट करतो का? उत्तर ‘नाहीं’ आलें म्हणजे मूल स्वमग्नच आहे असें नव्हे. या वयांत असा शिक्का मारणें अयोग्य. घरांत परकें माणूस आलें असतां लाजून खालीं पाहणारीं मुलें पुष्कळ असतात, म्हणून मुलाकडे पाहून तर्क करण्यापेक्षां आईला विचारणें बरें. पण आई-मुलानें टोपलीशीं खेळण्यास कोणत्याही शिक्क्याची गरज नाहीं. स्वमग्न नसलेल्या मुलाचेंही त्यानें भलेंच होईल. आशांच्या डोक्यावर आधींच कामांचा भारा आहे हें खरें; तो नुसता वाढविणें अन्याय होईल. शिक्षण, मोबदला आणि वरून मार्गदर्शन करणारें जाणतें माणूस, या तीन गोष्टी दिल्याखेरीज तिच्याकडून हें मागूं नये.

शंका आली कीं पहिलें काम म्हणजे मुलाचे कान तपासून घेणें. बहिरें मूलही बोलत नाहीं. पण तें डोळ्यांनीं बोलतें, हातवारे करतें, चेहरे वाचतें. स्वमग्न मुलाला पुष्कळदां डब्याचें झांकण वाजलेलें दुसऱ्या खोलींत ऐकूं येतें आणि आपलें नांव मात्र कानाशीं घेतलेलें कळत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच मुलांत असूं शकतात, म्हणून अंदाजावर विसंबूं नये. वरोऱ्याच्या आनंदवनांत मूकबधिर मुलांच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. पण जें मूल बहिरें नाहीं त्याला बहिऱ्यांची शाळा आणि जें बहिरें आहे त्याला ‘वेडा’ ही पदवी, असें होऊं नये. २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथें ज्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याचीं पथकें अंगणवाडीतील मुलांना वर्षांतून दोनदां तपासतात, आणि त्यांच्या यादींत स्वमग्नताही आहे. २०१६ च्या कायद्यानें ती अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांपैकीं एक मानली गेली आहे. त्यामुळें प्रमाणपत्र आणि सवलती मिळूं शकतात. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

आणखी एक भीति घराघरांतून आढळते. ‘खुणा शिकविल्या, चित्रें दाखविलीं, तर हा बोलण्याचा आळस करील.’ अनुभव याच्या उलट आहे. ज्या मुलांना हातांच्या खुणा किंवा चित्रें दिलीं, त्यांचें बोलणें त्यामुळें मागें पडलें असें संशोधनांत आढळलें नाहीं. कित्येकांचें तर थोडें पुढेंच गेलें. वाटी, पाणी, झोका, ‘नको’, ‘पुरे’ आणि ‘दुखतें’ अशीं सहा चित्रें पुठ्ठ्यावर चिकटवून घरांत टांगलीं तरी आरंभ झाला. त्यांत ‘नको’ हें चित्र विसरूं नये. ज्याला ‘नको’ सांगतां येतें त्याला लाथ मारावी लागत नाहीं. ज्यांच्याजवळ मोबाइल आहे त्यांच्यासाठीं मुंबईच्या आय्. आय्. टी. मध्यें तयार झालेलें ‘जेलो’ नांवाचें साधन आहे. चित्रावर बोट ठेवलें कीं तें शब्द उच्चारतें, आणि त्यांत मराठीही आहे. मात्र जेथें मोठें माणूस मुलाचा हात धरून अक्षरांवर फिरवितें आणि ‘पाहा, हें मूल लिहितें आहे’ असें म्हणतें, तेथें विश्वास ठेवूं नये. तेथें लिहिणारा मुलगा नसून हात धरणारा असतो, हें परीक्षेअंतीं पुन्हां पुन्हां सिद्ध झालें आहे.

‘पण तो कधीं बोलेल का?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या ओठांवर असतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. चार वर्षांच्या वयांत जीं मुलें दोन शब्दही जोडून बोलत नव्हतीं, अशा ५३५ स्वमग्न मुलांचा अमेरिकेंत अभ्यास झाला. तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या वयापर्यंत त्यांपैकीं सुमारें ७० टक्के मुलें शब्द जोडूं लागलीं होतीं, आणि सुमारें ४७ टक्के सफाईनें बोलूं लागलीं होतीं. म्हणजे चौथ्या वाढदिवसाला आशा सोडावयाचें कारण नाहीं. पण त्याच आंकड्यांत हेंही आहे कीं, कांहीं मुलें बोलत नाहींत. आणि कांहीं माणसें जन्मभर बोलत नाहींत. त्यांचें काय? त्यांनाही भूक सांगावयाची असते, आवडनिवड सांगावयाची असते, कोणी मारलें तर तें सांगावयाचें असतें, आणि चंद्र दिसला तर तो दाखवावयाचा असतो. शब्द येतील या आशेवर त्यांच्या खुणा आज दुर्लक्षिल्या, तर शब्दही गेले आणि खुणाही गेल्या असें व्हावयाचें. खुणांना आज उत्तर दिलें, तर शब्द आले तरी पाया तयार, आणि न आले तरी माणूस एकटें पडणार नाहीं.

शहरांतल्या श्रोत्यांना शेवटीं एक विनंति आहे. आपल्याकडे तज्ज्ञ जवळ आहेत, वर्ग आहेत, पैसा आहे. आणि म्हणूनच आपल्याकडे मुलाला मोटारींत घालून एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे नेण्यांत दिवस जातो आणि घरीं त्याच्याशेजारीं जमिनीवर बसावयास वेळ उरत नाहीं. तज्ज्ञाचा तास हवाच. पण आठवड्यांतले उरलेले तास घरचे आहेत. रानांतल्या आईजवळ तेवढेच तास आहेत, आणि तेही मजुरीच्या कामांतून काढलेले. तिला ते वापरावयास शिकविणें जितकें आवश्यक, तितकेंच आपल्यालाही तें शिकणें आवश्यक आहे. आपल्या नात्यांत, आपल्या चाळींत असें मूल असेल तर भेटीला गेल्यावर ‘अजून बोलत नाहीं का?’ असें त्याच्या आईला विचारूं नका. तो प्रश्न तिला रोज कोणी ना कोणी विचारतेंच. ‘याला काय आवडतें?’ असें विचारा. मग त्याच्यासमोर खालीं बसा, तें जें करीत असेल तें करा, आणि थोडें थांबा. त्यानें एकदां वर पाहिलें, तर आपल्याशीं तें बोललें असें खुशाल समजा, आणि त्याला उत्तर द्या.